‘कॉम्प्युटर सेट – १ नग’

गेल्या पंधरवड्यात आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरला. वर लाल दिवा, खाली जोडलेले हात आणि मधे मथळा: ‘मुलांच्या हट्टापायी कॉम्प्युटर घरी असेंबल करू नका – एका अनुभवी इंजिनियरचा सल्ला’. इंजिनियरचं नाव नाही. मुद्दे पाच. घरी जोडलेल्याला वॉरंटी नसते. अंगातल्या स्टॅटिक करंटनं मदरबोर्ड जळतो. दुकानात आय-सेव्हन प्रोसेसरचा कॉम्प्युटर पंधरा हजारांत तयार मिळतो, सुटे पार्ट घेतले तर तिप्पट लागतात. दुकानदार विंडोज, ऑफिस सगळं फुकट टाकून देतो. आणि बिघडलं तर दुकानदार आहे, तुमच्या पोराला कोण विचारणार?

मीही इंजिनियर नाही. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, पुण्यस्मरणाची कार्डं मराठी-हिंदीत जुळवून छापून देण्याचा माझा धंदा. दुकानातून घेतलेले तीन कॉम्प्युटर झिजवले, चौथा स्वतः जोडला. तेवढ्या अधिकारावर लिहितो आहे.

वॉरंटीचं आधी उरकतो, कारण त्यात मेसेजनं सरळ उलटं सांगितलंय. घरी जोडलेल्या अख्ख्या डब्याला वॉरंटी नसते, हे खरं. पण त्यातल्या प्रत्येक पार्टाला त्याच्या त्याच्या कंपनीची असते. इंटेल किंवा एएमडीचा डबाबंद प्रोसेसर घेतला तर ३ वर्षं. एसएसडीला, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कला, बहुधा ३ किंवा ५. चांगल्या एसएमपीएसला, म्हणजे आतल्या पार्टांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, ५, ७, कधी १० सुद्धा. माझ्या तिन्ही दुकानी मशिनांना सरसकट एक वर्ष होतं, तेही दुकानाच्या तोंडी शब्दावर. वर कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूवर दुकानाचं स्टिकर: सील तोडलं की वॉरंटी संपली. म्हणजे पैसे माझे, डबा माझा, आणि रॅमची एक पट्टी वाढवायची तर परवानगी त्यांची.

दोन सावधगिऱ्या मात्र मेसेजनं द्यायला हव्या होत्या. एक, ‘ट्रे’चा, म्हणजे डब्याशिवायचा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्याची वॉरंटी विकणाऱ्याच्या भरवशावर असते. दुसरी, सॉकेटची, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेची, पिन वाकवलीत तर कोणतीही कंपनी विचारत नाही. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असत, २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये त्या बोर्डावर आहेत. इंटेलच्या तर कितीतरी वर्षं बोर्डावरच आहेत. प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. घरी जोडताना खरी भीती बाळगायची ती या अर्ध्या मिनिटाची.

आता स्टॅटिक. हे थोतांड नाही. हिवाळ्यात इंदूरची हवा कोरडी होते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तेच हे. आपल्याला झटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या आसपास. चिपला त्याहून कितीतरी कमी पुरतं, आणि तेव्हा आपल्याला काही कळतही नाही. उपाय आजीच्या औषधासारखे साधे: लोकर-पॉलिस्टर घालून बसू नका, सतरंजीवर नको, लाकडी टेबलावर जोडा, बोर्ड कडेनं धरा, आणि हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा. दुकानातला पोरगा मनगटाला पट्टा बांधून बसलेला मी तरी आजवर पाहिलेला नाही. तो पॉलिस्टरचा शर्ट घालून, एका हातात कचोरी धरून, दिवसाला आठ मशीन जोडतो.

विजेचीच गोष्ट निघाली आहे तर आमच्या भागातली खरी अडचण सांगतो. रामबागेतल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. माझ्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. दुकानात नेला. “बोर्ड में लीकेज है भिया, बदलना पड़ेगा.” बदलला. पैसे दिले. झिणझिण्या तशाच. मग आमच्या जुन्या वायरमननं टेस्टर लावून दोन मिनिटांत सांगितलं की अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळायला कपॅसिटर बसवलेले असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असलं की तो किंचित करंट जमिनीत जातो. नसलं की पत्र्यावर २३० च्या जवळपास निम्मे व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी, म्हणून माणूस फेकला जात नाही, नुसता चरफडतो. मदरबोर्डाचा त्यात काही दोष नव्हता. तो जुना बोर्ड त्यांनी परत दिला नाही, हे वेगळं.

तिसरा मुद्दा, पंधरा हजारांतला आय-सेव्हन. इथे मला थोडं बसून बोलायचंय.

आय-सेव्हन हे काही एका प्रोसेसरचं नाव नाही. ते घराण्याचं नाव आहे, आणि घराण्यात पणजोबाही असतात. पुढच्या आकड्यावरून पिढी कळते: ३७७० म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. १२१०० म्हणजे बारावी, साल २०२२. दुकानात पंधरा हजारांत ‘आय-सेव्हन, सोळा जीबी, एसएसडी’ म्हणून जो झगमगीत दिव्यांच्या काचेच्या डब्यात मिळतो, तो बहुतेक वेळा हाच ३७७० किंवा त्याचा सख्खा भाऊ असतो. कुठल्यातरी ऑफिसातून भंगारात निघालेला, वर नव्यानं बनवलेला एच६१ चा बोर्ड. एच६१ ही बोर्डावरची मुख्य चिप २०११ ची. तिला मुळात यूएसबी ३ येत नाही, आणि रॅम १६ जीबीच्या पुढे जात नाही. बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री, म्हणजे तो १२१००, चार कोअरचाच, या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला.

माझा तिसरा कॉम्प्युटर असाच होता. मी विचारलं होतं, “कौन सी जनरेशन?” उत्तर आलं, “आय-सेवन है साहब, सबसे टॉप.” बिलावर काय लिहिलं होतं? ‘कॉम्प्युटर सेट – १ नग’. तेही मागितलं म्हणून. आधी म्हणाले, बिल हवं तर अठरा टक्के वेगळे. जीएसटी म्हणजे जणू मी मागितलेली चटणी.

जुनं विकण्यात गैर काही नाही. एखाद्या काकूंना फक्त पत्रं टाइप करायची आणि नातवाशी व्हिडिओवर बोलायचं, तर ते जुनं मशीन चालेलही, फक्त जुनं म्हणून, जुन्याच्या भावात द्या. मेसेजनं मात्र पंधरा हजारांच्या पणजोबाची तुलना नव्या पार्टांशी केली आणि वर ‘तिप्पट’ म्हणून ओरडला.

इथेच दुसऱ्या बाजूच्या पोरांचंही ऐकून घेतो, कारण तीही फेकतात. घरी जोडला की निम्म्यात होतो, हे खोटं आहे. जोडणावळ म्हणून दुकानदार घेतो ती रक्कम एकूण खर्चात किरकोळच. पार्ट तुम्हालाही किरकोळ भावातच मिळतात, मोठ्या कंपन्यांना ठोक भावात. साध्या कामाचा छोटा ब्रँडेड डेस्कटॉप, खऱ्या विंडोजसकट, अनेकदा तुमच्या पार्टांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडतो. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ होता, तेव्हा लोक तयार मशीन घेऊन त्यातलं कार्ड तेवढं काढून वापरत. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव असे चढले की माझ्या भाच्यानं आपली पार्टांची यादीच गुंडाळून ठेवली. स्वतः जोडण्यात वाचतो तो पैसा नाही. पैसा कुठे जातो ते दिसतं, इतकंच. दुकानात काटकसर कुठे होते? एसएमपीएसमध्ये, कारण तो कोणी विचारत नाही. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ येणारा, वर ४५० वॉट छापलेला, हातात घेतला तर पोह्यांच्या पुड्याइतका हलका. वीज वाया घालवत नाही असं सांगणारा ८० प्लसचा शिक्का नाही, आणि बिघडला तर कधीकधी सोबत बोर्डही घेऊन जातो.

फुकटच्या विंडोजबद्दल एकच अनुभव. चोरीचं विंडोज चालू करणारा जो प्रोग्रॅम असतो, तो टाकताना अँटिव्हायरस बंद करावा लागतो. दुकानदारानं तो पुन्हा सुरू केला नाही आणि मला माहीत नव्हतं. ऐन मे महिन्यात, लग्नसराईत, सकाळी मशीन उघडलं तर सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि पडद्यावर पैशांची मागणी. तो खंडणी मागणारा व्हायरस त्या वाटेनंच आला असं छातीठोक सांगता येणार नाही. पण एकोणीस पत्रिका मी पुन्हा जुळवल्या, त्यातल्या एका घरचं आडनाव घाईत चुकलं, आणि ते वधूपक्षाच्या लक्षात माझ्याआधी आलं.

पाचवा मुद्दा सर्वांत पटणारा आहे: बिघडलं तर दुकानदार आहे. असतो ना. इंदुरात कॉम्प्युटर म्हटलं की माणूस आर.एन.टी. मार्गावर सिल्व्हर मॉलला जातो, नाहीतर जेल रोडला. तिथे सचोटीची माणसंही बसतात, माझा आजचा रॅमवाला त्यांतलाच. माझं जे दुकान होतं ते कुठलं, ते सांगत नाही. तिथे तिसरं मशीन दुरुस्तीला अकरा दिवस पडून होतं. परत आलं तेव्हा हळू झालेलं. उघडून पाहिलं (सील तोडून) तर आठ-आठच्या दोन पट्ट्यांच्या जागी आठची एकच. दोन पट्ट्या असल्या की मेमरीला दोन रस्ते मिळतात. एक केली की क्षमताही निम्मी आणि रस्ताही एकच. जाऊन भांडलो. त्यानं शांतपणे विचारलं, “बिल में लिखा है क्या?” लिहिलेलं नव्हतं. सेट, एक नग.

त्यानंतर चौथा मी जोडला, भाच्याला शेजारी बसवून. मेसेज म्हणतो हे तज्ज्ञाचं काम आहे. अहो, इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं, म्हणून आजही त्या मापाच्या कोणत्याही कंपनीच्या बोर्डाची भोकं कोणत्याही कंपनीच्या कॅबिनेटच्या पितळी नटांवर बरोबर येतात. प्लग उलटे बसतच नाहीत. छळतात त्या फक्त पुढच्या बटणाच्या बारीक वायरी, त्यांना चष्मा आणि पुस्तिका दोन्ही लागतात. सगळं मिळून साडेतीन तास गेले, त्यातला पाऊण तास एक स्क्रू शोधण्यात.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. बोर्डावर ‘डीरॅम’ (म्हणजे मेमरी) लिहिलेल्या जागेपाशी एक बारीक दिवा पेटलेला. एक मिनिट, दोन मिनिटं. भाचा म्हणाला, “मामा, गेला.” माझ्या कानात ‘बोर्ड में लीकेज है’ वाजायला लागलं. बंद करणारच होतो, तेवढ्यात त्यानं पुस्तिकेतली ओळ वाचली: नव्या डीडीआर५ मेमरीची पहिल्यांदा ओळख पटवून घ्यायला बोर्डाला काही मिनिटं लागतात, बंद करू नका. आम्ही चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत पडदा उजळला होता. त्या चार मिनिटांचे दुकानात मी किती दिले असते, याचा हिशेब भाच्यानं मोठ्यानं केला; मी त्याला बिस्किटं दिली.

तुम्हाला जोडायचा नसेल तर नका जोडू, दुकानदारच जोडून देईल. फक्त प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि सीरियल नंबर बिलावर वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्या, आणि रिकामे डबे घरी आणा.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं. तो मेसेज ज्यांनी टाकला होता त्या काकांचा रात्री फोन आला. म्हणाले, “तुझं ठीक आहे रे, पण माझा दुकानदार तसा नाही. तीस वर्षांची ओळख आहे.” मी म्हटलं, काका, बिल काढून बघा बरं. जरा वेळानं बिलाचा फोटो आला. निळ्या शाईत, सुंदर वळणदार अक्षर: ‘सीपीयू कम्प्लीट – १’.