लसीवर वाद घालताय? मग हे कराच

बायकांच्या आरोग्यावर बोलायला गावात सगळ्यात लायक माणूस कोण? ज्याला पाळी येत नाही आणि ‘गर्भाशयमुख’ म्हणताना ज्याला चोरून इकडेतिकडे बघावं लागतं, तो. परवा बचत गटाने देवळाच्या सभामंडपात गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणाऱ्या एचपीव्ही लसीची माहिती द्यायला नर्सबाईंना बोलावलं होतं. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठीची लस. बाईंना जेमतेम दहा मिनिटं मिळाली, उरलेली संध्याकाळ पुरुषमंडळींची. एवढी विद्या वाया जाऊ नये, म्हणून नवशिक्यांसाठी उतरवून काढते.

मूळ विषयाला हात लावू नका. बाई म्हणतील, गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. (ज्यांनी हा संबंध शोधला त्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.) तुम्ही उठून विचारा, “ते ऱ्हवांदे, मुंबई-गोवा हायवे कधी पुरो होतलो?” टाळ्या हमखास.

मग आईचा दाखला द्या. “माझ्या आवशीन खंय लस घेतलेली? नव्वद वर्सां जगली!” ज्यांच्या आया चाळिशीत गेल्या त्या काही उठून बोलायला येत नाहीत, हा मोठाच फायदा. फक्त हात बेताने उचला. आमच्या तात्यांनी जोरात उचलला, बाही वर सरकली आणि दंडावरचा देवीच्या टोचणीचा सुरकुतलेला, रुपयाएवढा व्रण अख्ख्या मंडपाने पाहिला. देश १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला तो अशाच दंडांच्या जोरावर, पण तात्यांना सांगणार कोण?

नर्सबाई घाटावरच्या आहेत का, लग्न झालंय का, याची चौकशी करा.

लस दिली की मुली बिघडतात, असं ठासून सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्यावर पोरं गंजक्या खिळ्यांवर नाचायला लागलीच होती की!

गोष्ट अर्धीच सांगा. “जपानने २०१३ मध्ये शिफारस थांबवली.” इथे पाण्याचा घोट घ्या. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू केली, हे वाक्य त्या घोटाबरोबर पोटात गेलं पाहिजे.

पुरावा मागा, आणि मिळाला की नाकारा. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कर्करोग ८८ टक्के कमी आढळला, असं कुणी सांगितलं तर “तिकडच्या बायका वेगळ्या.” भारतातल्या अभ्यासात, ज्यात बार्शी-पुण्याच्या मुलीही होत्या, एका डोसचं संरक्षणसुद्धा दहा वर्षं टिकलं, असं म्हणालं तर “ते घाटावरचे.” आता कुडाळ-कणकवलीच्या मुलींवर अभ्यास झाला तरी, तुमची वाडी त्यात नव्हतीच!

हुकमाचा पत्ता शेवटी. २००९ साली आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना ही लस दिली गेली आणि पुढे त्यांतल्या सात जणी गेल्या. सात हा आकडा तोंडपाठ ठेवा. एक पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक घेतलं, एकीला मलेरिया झाला, हे विसरा. उरलेल्या दोघींच्या मृत्यूशीही लसीचा संबंध असण्याची शक्यता चौकशीत दिसली नाही, तेही विसरा. कावळा बसला आणि फांदी मोडली, चढवा कावळ्याला फासावर! आणि त्या प्रकरणात खरोखर चीड यावी असं जे होतं, त्याबद्दल परवा एक जण बोलेल तर शपथ. कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या नाही, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. गरीब, आदिवासी मुली! संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावरून कडक ताशेरे ओढले. तो मुद्दा काढा ना! तो कसा काढणार? मग मुलीला विचारावं लागेल, आणि मुलीला विचारायची पद्धत आपल्याकडे लग्न ठरवतानाही नाही.

आणि हो, कोविडच्या लसीनंतर पाळी मागेपुढे होते असं बायका सांगत होत्या, तेव्हा “मनाचे खेळ” कोण म्हणालं होतं? अमेरिकेत अभ्यास झाला. चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबतं आणि परत जाग्यावर येतं. म्हणजे बायका खरं बोलत होत्या, आणि घाबरण्यासारखंही काही नव्हतं. हे आमच्या बाजूच्या शहाण्यांनाही ऐकवते, समोरच्याला अडाणी म्हटलं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांना.

बास झाली थट्टा.

देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा रोग होतो आणि पाऊण लाखाहून जास्त मरतात. आमच्या वाडीतल्या एका काकूंची पाळी जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर अंगावर लाल जायला लागलं. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे त्या पहाटे धुवायच्या आणि गोठ्यामागे वाळत घालायच्या. कुणाला दिसू नये म्हणून वर गोणपाट. घरात चार पुरुष, एकानेही विचारलं नाही. दुखणं अंगावर काढलं त्यांनी, परळला, टाटा कर्करोग रुग्णालयात नेईपर्यंत उशीर झाला होता. त्या चौघांतले दोघे परवा गर्भाशयाच्या काळजीने कळवळून बोलत होते.

लाज कशी वाटत नाही? तीस वर्षांवरच्या बाईची तपासणी आरोग्य केंद्रात करतात, व्हिनेगरसारखं पातळ औषध लावून, काही मिनिटांत. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्या डॉक्टरांनी हेच करून या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी करून दाखवले. नेलंत कधी बायकोला? आईला? आंब्याच्या पेट्यांना गाडी मिळते, तेव्हाच नेमकी पंक्चर होते का?

शंका असतील तर विचारा, दहा विचारा. लस कुठे साठवलीय, संमतीपत्रात काय लिहिलंय, मुलीला चक्कर आली तर कोण बघणार, सगळं विचारा. पण नर्सबाई उत्तर देत असतील तेव्हा तोंड मिटून ऐका. आणि त्याआधी पुढच्या रांगेतल्या पोरींना बोलू द्या, दंड त्यांचा आहे.