पोरगी खिडकीबाहेर बघत होती, एवढंच!

आज दुपारी शेजारच्या वहिनी मोबाईल घेऊन आल्या. सांगलीतल्याच एका क्लासने पालकांच्या ग्रुपवर त्यांच्या लेकीचा फोटो टाकलाय, सीसीटीव्हीतून काढलेला. अकरावीतली पोरगी, नीटची तयारी करणारी. वही उघडी, हातात पेन, नजर खिडकीबाहेर. खाली मजकूर : "पाल्याचे लक्ष नाही. समज द्यावी." शंभरेक पालकांच्या देखत! वहिनींचं तोंड एवढंसं झालेलं आणि पोरगी आतल्या खोलीत कडी लावून बसलेली.

सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट, रात्री डाउट. या पोरीला अख्ख्या दिवसात स्वतःच्या डोक्यात निवांत बसायला, दिवास्वप्नं बघायला मिळालेली तेवढीच काय ती फट, आणि तिथंही कॅमेरा. आपण कुणाला काय शिकवतोय?

नुसतं बसलेलं माणूस म्हणजे बंद पडलेला मेंदू, हा समजच मुळात चुकीचा आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्क्यांच्या आसपास. आणि अवघड गणित सोडवायला घेतलं तरी ती फारशी वाढत नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये मांडलं, की हातातलं काम थांबलं की मेंदूचे काही ठरावीक भाग उलट जास्त जागे असतात. त्यांना आता डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. झालेल्या गोष्टींची लावालाव, उद्याचे बेत, समोरच्याच्या मनात काय असेल याचा अंदाज, आपल्याला नक्की काय हवंय याची चाचपणी, ही कामं तिथं चालतात. सोळा वर्षांच्या पोरीला याहून महत्त्वाचं काम कुठलं असतं, सांगा बरं.

ऐन लेक्चरमध्ये तंद्री लागली तर शिकवलेलं सुटतं, हे खरं. नाही कोण म्हणतंय? पण मग दोन लेक्चरच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी सोडा की! सलग तीन तास बसवल्यावर मन आपली सुट्टी आपणच घेतं.

आता कुणीतरी २०१० चा हार्वर्डचा अभ्यास काढणार, म्हणून आधीच लिहिते. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २२५० माणसांना दिवसभरात अधूनमधून मोबाईलवरून विचारलं. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं, आणि तेव्हा माणसं कमी आनंदी होती. मान्य. पण त्याच अभ्यासात पुढे आहे, की मन चांगल्या गोष्टीत रमलेलं असेल तेव्हा माणूस कामात असतानाच्या इतकाच आनंदी होता. खाली खेचत होते ते मुख्यतः त्रासाचे विचार.

सगळी मेख इथंच आहे. जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कित्येक वर्षं दिवास्वप्नांवरच काम केलं आणि त्यांच्या तीन तऱ्हा वेगळ्या काढल्या : एक खेळकर, बेत आखणारी, कल्पना लढवणारी, दुसरी अपराधी वाटण्याची, भीतीची, अपयशाची, तिसरी नुसतीच, कशावरच मन न ठरण्याची. पहिलीने जीव हलका होतो. दुसरी म्हणजे चिंतेचं चऱ्हाट. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात, कॅमेऱ्याला तर दिसतातच. फरक ज्याचा त्याला कळतो. विचार पुढे सरकतोय का, नवीन माणसं, जागा, शक्यता येतायत का? मग चालू द्या. तेच वाक्य, तोच अपमान परत परत येतोय आणि छाती जड होतेय? मग उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, ती काळजी कागदावर एका ओळीत लिहायची आणि तिच्याखाली उद्या करता येईल अशी एक गोष्ट लिहायची. नुसतं "विचार करू नकोस" म्हटलं की तोच विचार दुप्पट जोराने येतो.

तंद्री लागायला हाताला हलकं काम असलेलं चांगलं. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या. हात गुंततात, डोकं सुटं राहतं. किंवा आमराईत, घाटावर एकट्याने चालणं, कानात काही न घालता. पन्नासेक मिनिटं अभ्यास, मग दहा-पंधरा मिनिटं हे. या वेळात मोबाईल दुसऱ्या खोलीत हवा, नुसता पालथा घालून चालत नाही. रील बघणं ही विश्रांती नव्हे. तिथं दुसऱ्याची चित्रं भराभर आत येतात आणि स्वतःचं चित्र उमटायला जागाच उरत नाही.

सुरुवातीला जमत नाही, जीव कासावीस होतो. २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात लोकांना पंधरा मिनिटं एकटं, काहीही न करता बसवलं. सोबत फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका. १८ पुरुषांपैकी १२ आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी स्वतःला झटका देऊन घेतला! तेव्हा पहिल्या दिवशी पाचच मिनिटं, आणि मनाला एक आवडता विषय धरून द्यायचा : आजोळ, पुढची सहल, मनातलं घर. रात्री अंथरुणात मात्र हा प्रयोग नको. थकलेलं शरीर, अंधार, आणि त्या वेळी करता येण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे मन हमखास काळजीकडे वळतं.

आणि यशाचीच स्वप्नं बघायची असतील तर एक पायरी जास्त लागते. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनात असं आलं, की नुसतं गोड यश रंगवत बसलं की प्रत्यक्ष धडपड कमी होते. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या गेटातून आपण आत जातोय, हे पोरीने खुशाल बघावं, मनसोक्त बघावं. मग लगेच आडवं काय येतंय तेही बघावं. समजा, फिजिक्समधली रोटेशनची गणितं. आणि मनाशी ठरवावं : रात्रीचं जेवण झालं, की आधी त्यातली दोन गणितं. स्वप्न, अडथळा, "असं झालं की असं करेन", याच क्रमाने.

वहिनींना एवढंच सांगितलं, की आज तिला समज देऊ नका, आणि "कसला विचार करत होतीस?" हेही विचारू नका. तिचं तिला राहू द्या. क्लासवाल्यांशी मात्र बोला. असा फोटो ग्रुपवर टाकायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

एक गोष्ट नजरेआड करू नका. कल्पनेत तासन् तास जात असतील, त्यासाठी जेवण-झोप चुकत असेल, थांबावंसं वाटूनही थांबता येत नसेल, तर ते वेगळं. इस्रायलच्या हैफा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये त्याचं वर्णन केलंय. तिथं रागावून उपयोग नाही आणि लाजायचंही कारण नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. कुणाकडे जावं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा आहे, १४४१६ वर फोन लावायचा. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं.