डॅशकॅम घ्यायचाय? आधी कार्डाचं बोलू

मेहुण्याने नवी गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मेसेज आला, "दाजी, डॅशकॅम सुचवा. स्वस्तातला, पण फोर-के पाहिजे." (डॅशकॅम म्हणजे पुढच्या काचेला चिकटून रस्ता टिपत राहणारा कॅमेरा, आणि फोर-के म्हणजे खूप बारकावे दाखवणारं चित्र.) सोबत दोन स्क्रीनशॉट. एकावर इतके आकडे छापले होते की कॅमेरा विकतायत की लॉटरीचं तिकीट, तेच कळेना. त्याला उत्तर लिहायला बसलो ते लांबतच गेलं, म्हणून इथे टाकतोय. अजून कुणाला उपयोग झाला तर झाला.

आधी माझी फजिती. माझा पहिला डॅशकॅमही स्वस्तातला होता आणि त्याच्याही खोक्यावर ठसठशीत 'फोर-के' लिहिलं होतं. एकदा चढावर सिग्नलला उभा होतो, पुढची गाडी मागे घरंगळली आणि माझ्या बंपरवर आदळली. चालक खाली उतरला आणि मलाच म्हणाला, "दिसत नाही का? मागून येऊन ठोकलंत." मी शांत. काचेवर कॅमेरा आहे, दिवा लुकलुकतोय, आता बघतोच म्हटलं. घरी येऊन कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं तर शेवटची फाईल पाच आठवड्यांपूर्वीची! कार्ड कधीच मेलं होतं. कॅमेरा बिचारा रोज इमानेइतबारे दिवा तेवढा लावत होता. बंपरचा खर्च माझ्याच खिशातून गेला, आणि त्या माणसासमोर मी जो आव आणला होता तो आठवून आजही कसंतरी होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. बजेट कमी असेल तर चित्र किती झकास येतं हे नंतर बघा. नेमक्या त्या दिवशीची फाईल कार्डात सापडेल का, ते आधी बघा.

डॅशकॅम गाडी सुरू झाली की रेकॉर्डिंग सुरू करतो, एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे करत जातो, आणि कार्ड भरलं की सगळ्यात जुना तुकडा पुसून त्यावर नवा लिहितो. साध्या १०८०पी (फुल एचडी) चित्रासाठी सेकंदाला १५ मेगाबिट धरले तरी तासाला पावणेसात जीबी होतात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड नऊ-साडेनऊ तासांत भरतं. रोज दोन तास गाडी चालवणाऱ्याचं अख्खं कार्ड पाचेक दिवसांत पुसून पुन्हा लिहिलं जातं, वर्षाला सत्तर-ऐंशी वेळा. फोनमध्ये फोटो साठवणाऱ्या कार्डाला असली हमाली कधीच करावी लागत नाही. आणि कार्डातली प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहू देते.

म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं, म्हणजे सततच्या लिहिण्या-पुसण्याला टिकणारं कार्ड घ्या. काही साध्या कार्डांच्या वॉरंटीत डॅशकॅमसारखा सततचा वापर सरळ वगळलेला असतो, बारीक अक्षरं वाचा. परवडत असेल तर कार्ड मोठं घ्या, कारण १२८ जीबीवर फेरे निम्मे होतात. मात्र कॅमेरा जास्तीत जास्त किती जीबीचं कार्ड घेतो ते आधी तपासा. आणि आल्या आल्या कार्ड खरं आहे का ते पडताळून पाहा. वर १२८ छापलेलं आणि आत जेमतेम ८ निघालेलं, अशी बनावट कार्डं बाजारात पडून आहेत. 'एचटूटेस्टडब्ल्यू' (H2testw) नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचतो आणि खरं काय ते सांगतो. रात्री लावून झोपा, सकाळी निकाल.

दुसरी गोष्ट म्हणजे ऊन. याबद्दल दुकानदार कधी बोलत नाही. बंद गाडीत काचेलगत जी भट्टी पेटते त्यात हा कॅमेरा दिवसभर चिकटलेला असतो. लिथियम बॅटरी उष्णतेत फुगते, आधी कॅमेऱ्याचं झाकण उचलते आणि मग कॅमेराच घेऊन जाते. बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर असलेला कॅमेरा हे ऊन पुष्कळ जास्त सोसतो. तो वीज साठवतो फक्त काही सेकंदांपुरती, पण तेवढ्याच सेकंदांसाठी तर तो असतो. व्हिडिओची फाईल नीट 'बंद' झाली नाही तर ती उघडतच नाही. जोराची धडक बसून वीज तुटली तर शेवटचा तुकडा, म्हणजे नेमका धडकेचाच तुकडा, अर्धवट राहतो. कॅपॅसिटर तेवढी फाईल मिटून मगच डोळे मिटतो. माहितीपत्रकात हा एक शब्द सापडला नाही तर मी पुढचं वाचतच नाही.

आता या फोर-केचं काय करायचं? खऱ्या फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या आसपास ठिपके असतात. १०८०पीमध्ये साधारण २१ लाख. स्वस्तातले कित्येक कॅमेरे दोन मेगापिक्सेलच्या, म्हणजे वीसेक लाख ठिपक्यांच्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) चित्र घेतात आणि मग ते ताणून फोर-के म्हणून साठवतात. दुधात पाणी घालून चार लिटर झालं म्हणायचं, त्यातली गत. शिवाय या पाण्याने कार्डाची जागा मात्र खरीखुरी जाते. ओळखायचं कसं? सेन्सरचा नंबर विचारा. सोनीचा आयएमएक्स ३०७ असेल तर तो दोन मेगापिक्सेलचा, आयएमएक्स ३३५ पाचचा, आयएमएक्स ४१५ आठचा. ३०७ सांगून फोर-के विकत असतील तर हात जोडा आणि पुढे चला. नंबरच सांगत नसतील तरी तेच करा. ३०७ वाईट आहे असं मात्र नाही हं, अंधारात तो बरा दिसतो. प्रामाणिक १०८०पी म्हणून विकत असतील तर खुशाल घ्या.

नंबरप्लेटचा लोकांना फार सोस असतो. "रात्री नंबर दिसतो का?" हा ठरलेला प्रश्न. खरं सांगू? चालत्या गाडीचा, रात्री, बहुतेक वेळा नाही दिसत. महागातल्यातही भरवसा नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या तिसाव्या भागात अर्ध्या मीटरहून जास्त पुढे सरकते. अंधारात कॅमेऱ्याला उजेड गोळा करायला जवळपास तेवढा वेळ लागतो, मग अक्षरं फराटल्यासारखी येणारच. त्यात १७० अंशांचा कोन पाहून खूश होऊ नका. जितकं रुंद दिसतं तितकं समोरचं बारीक होतं. मला १४० अंश पुरे वाटतात.

यावर एक फुकटचा उपाय आहे. माईक चालू ठेवा आणि काही विपरीत घडलं की समोरच्या गाडीचा नंबर मोठ्याने बोला. चित्रात नाही आला तरी आवाजात येतो. मी दोनदा वापरलाय. बायको पहिल्यांदा दचकली, आता तीच आधी वाचून दाखवते. अर्थात माईक चालू म्हणजे गाडीतल्या बाकीच्या गप्पाही रेकॉर्ड होणार. कुणाला लिफ्ट देत असाल तर आधी सांगा, ते बरं दिसतं. शिवाय रेकॉर्डिंगचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. जर्मनीत सतत रेकॉर्डिंग करणं डेटा संरक्षणाच्या नियमात बसत नाही, तरी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये असं चित्रण अपघाताच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं असा निकाल दिला. आपापल्या ठिकाणचं आपण बघून घ्यावं.

चित्रापेक्षा हजेरी महत्त्वाची, हे मी नुसतं माझ्या बंपरवरून म्हणत नाही. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली. तिची चित्रं जगभर गेली ती मुख्यतः लोकांच्या गाड्यांतल्या डॅशकॅममधून. आजच्या मानाने ती चित्रं यथातथाच, पण शास्त्रज्ञांनी तसल्या चित्रणांवरून उल्केची वाट मोजून काढली. कारण ते कॅमेरे त्या सकाळी चालू होते, बास.

पार्किंग मोडचा, म्हणजे गाडी बंद उभी असतानाही कॅमेरा चालू ठेवायचा मोह कमी बजेटमध्ये टाळाच. कॅमेरा साधारण चार वॅट खातो असं धरलं तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून दिवसाला आठ अँपिअर-तास जातात. लहान गाडीची बॅटरी ३५-४५ अँपिअर-तासांची. तीन दिवस गाडी उभी ठेवून परत आलात की धक्का मारायला माणसं शोधा. करायचंच असेल तर व्होल्टेज उतरलं की आपोआप तोडणारं हार्डवायर किट (कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडायचं) लागतं, आणि फ्यूज बॉक्समध्ये हात घालणारा माणूस जाणता लागतो. वायर काचेकडेच्या खांबातून नेताना आत एअरबॅग असेल तर ती वायर एअरबॅगच्या मागून जायला हवी, पुढून नाही. यात हयगय नको.

मागचा कॅमेरा? पैसे उरले तर. जीपीएस? असेल तर घड्याळ बरोबर राहतं, नसेल तर तारीख-वेळ अधूनमधून हाताने लावा. १ जानेवारी दाखवणारा पुरावा कोण मानेल? लेन सुटली की टीं टीं करणारी ती सोय पहिल्याच दिवशी बंद करा. जी-सेन्सर, म्हणजे धक्का ओळखणारी सोय, मात्र कमी संवेदनशीलतेवर ठेवा. नाहीतर प्रत्येक खड्ड्याला तो अपघात समजून फाईल कुलूपबंद करतो. अशा फायली पुसल्या जात नाहीत, आणि महिन्याभरात कार्ड खड्ड्यांच्या चित्रपटांनी भरून जातं.

मी आता महिन्यातून एकदा कार्ड काढून शेवटची फाईल उघडतो. तारीख आजची आहे का, आवाज येतो का, एवढंच बघतो आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारून परत लावतो. पाच मिनिटांचं काम.

हे सगळं मेहुण्याला पाठवलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं, "दाजी, वाचलं. पण त्या दोनातला कुठला?"

म्हटलं, दुसरा. कॅपॅसिटर आहे आणि सेन्सरचा नंबर लपवलेला नाही. कार्ड घेऊ नकोस, ते माझ्याकडून.