रोजचा खर्च म्हणजे नेमका कुणाचा?

सकाळी सकाळी एक रील बघितलं आणि तेव्हापासून डोकं तडकलंय. पंचविशीतला पोरगा, मागे मॉलचा झगमगाट, हातात पाच-सहा क्रेडिट कार्डं पसरून धरलेली. म्हणतो, 'रोजच्या खर्चावर ५ टक्के परत मिळत असताना जे अजून रोख नाहीतर साध्या यूपीआयनं देतात ते येडे आहेत.' खाली आपल्याच लोकांच्या टाळ्या. त्यातल्या दोघी माझ्या मैत्रिणी आहेत. वाचत असाल तर वाचाच.

म्हणजे माझी मावशी येडी. मिरजेला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, अजून खर्चाची वही लिहिते. एफडी रिन्यू करायला बँकेत गेली, तर टाय लावलेल्या एका मुलानं 'मॅडम, तुम्ही आमच्या जुन्या ग्राहक, तुमचं कार्ड मंजूर होऊन आलंय' म्हणत फॉर्मवर सही घेतली. पहिलं वर्ष फुकट, ५ टक्के कॅशबॅक. मावशी खूश. पहिलं स्टेटमेंट आलं, त्यात कॅशबॅक ११ रुपये. रात्री मला फोन. 'अगं, हे अकरा रुपये कसले? मी तर पेट्रोलपासून सगळं ह्याच्यावरच केलं!'

पुढे मिरजेला गेले तेव्हा तिची वही आणि कार्डाच्या नियम-अटी शेजारी शेजारी ठेवून बसलो. मावशी लाल पेननं फुल्या मारत होती, जुनी सवय. महावितरणचं बिल, कॅशबॅक नाही. एलआयसीचा हप्ता, नाही. स्कूटीचं पेट्रोल, नाही, आणि कार्डानं पेट्रोल भरल्यावर वर लागणारा सरचार्ज माफ व्हायला एका वेळी किमान ४०० रुपयांचं भरायला हवं. मावशी २०० चं भरते. दूधवाल्याचा क्यूआर त्याच्या खाजगी खात्याचा, तिथं क्रेडिट कार्ड चालतच नाही. भाजी रोखीची. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणतो, कार्डानं देणार असाल तर २ टक्के वर पडतील. उरली बीपीची आणि थायरॉइडची औषधं, ११४० रुपयांची. दुकानात जाऊन घेतली म्हणून १ टक्का. झाले ११.

मग ते ५ टक्के कशावर होते? ॲपवरून मागवलेल्या जेवणावर, कपड्यांवर, कॅबवर. मावशीनं आजवर ऑनलाइन एकच साडी मागवली, तीही पुतण्याकरवी, आणि ती परत केली.

आपल्यापैकी किती घरांत पगाराचा मोठा हिस्सा ॲपवर जातो, सांगा बरं? जातो तो घरभाड्यात, पोरांच्या फीमध्ये, लाईट बिलात, विम्यात, पेट्रोलमध्ये. आणि बहुतेक कॅशबॅक कार्डांच्या 'यावर मिळणार नाही' या यादीत नेमकी हीच नावं सापडतात. दुकानदाराकडून कापलेल्या कमिशनमधून हा कॅशबॅक येतो, जिथं कमिशन बारीक तिथं परत काय देणार, हे मलाही कळतं. बँकेच्या बाजूनं हिशोब चोख आहे, मान्य. मग जाहिरातीत 'रोजचा खर्च' कशाला छापता? 'एकट्या राहणाऱ्या आणि घरी चूल न पेटवणाऱ्यांचा खर्च' असं छापा की!

हो, माझ्या भाच्याला फायदा होतो. हिंजवडीत एकटा राहतो, साबणसुद्धा ॲपवरून मागवतो. ॲमेझॉन पे-आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक फी नाही, प्राइमचं (ॲमेझॉनचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व) सदस्य असलेल्याला ॲमेझॉनवर ५ टक्के, नसलेल्याला ३. त्याच्यासारख्यानं ते न घेणं हा खरंच वेडेपणा. झालं समाधान?

पण तो पैसे वेळेवर भरतो, पूर्ण भरतो, म्हणून फायदा. रीलवाल्या पोरानं व्याजाचा 'व्या' काढला नाही. महिना ३.५ टक्के धरा, म्हणजे वर्षाला ४२. २० हजार महिनाभर थकले तर ७०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६, एकूण ८२६. लेट फी वेगळी. १ टक्क्यानं तेवढा कॅशबॅक मिळवायचा तर ८२,६०० रुपयांची खरेदी करावी लागेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. ग्राहक आयोगानं २००८ साली या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला, म्हणजे तो आधारही गेला.

मावशी तर 'मिनिमम ड्यू'चा, म्हणजे निदान एवढे तरी भरा अशा रकमेचा, आकडा हेच बिल समजली होती! त्या स्टेटमेंटवर तोच ठळक दिसत होता. मी फोनवर होते म्हणून पूर्ण रक्कम भरली. ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही त्यांचं काय होत असेल? आपल्या कॅशबॅकचा काही भाग अशा लोकांच्या व्याजातूनही येतो, हे एकदा डोक्यात शिरलं की तो रीलवाला अजूनच नकोसा होतो.

त्या टायवाल्या मुलावर मात्र माझा राग टिकला नाही. मावशीच म्हणाली, 'माझ्या वर्गातल्या पोरांसारखा होता गं, घामाघूम झालेला. महिना संपत आला होता, त्याची कार्डं व्हायची होती.' म्हणजे तिला कळत होतं आणि तरी तिनं सही केली. यावर मी काय बोलणार?

कार्ड तिनं बंद केलं. दुसऱ्या वर्षापासून ४९९ फी, वर जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये, तेही ११ रुपयांसाठी! तिनं सगळी बाकी भरली, स्वतः ईमेल लिहिला आणि त्यात रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियमच टाकला: बाकी नसेल तर अर्ज आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा. मुदतीच्या आत बंद झालं. मावशीला जरा वाईटच वाटलं, दंड हुकला म्हणून.

आता कुणी म्हणेल, रुपे (व्हिसासारखंच, पण आपलं देशी) क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, मग किराणावालाही २ टक्के मागत नाही. बरोबर आहे, छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क पडत नाही, आणि मावशीसारखीला काही उपयोगाचं असेल तर तेच. फक्त बऱ्याच कार्डांत यूपीआयवरचा कॅशबॅक वेगळा आणि कमी असतो, काहींत नसतोच. ते आधी बघा. महिन्याला जास्तीत जास्त किती मिळणार ती मर्यादा बघा. पैसे बिलातून वजा होतात की कुठल्या तरी वॉलेटमध्ये अडकतात, तेही बघा. आणि खात्यातून पूर्ण बिल आपोआप कापलं जाईल असं लावून ठेवा, 'मिनिमम' नव्हे, 'पूर्ण'.

इनबॉक्समध्ये 'ताई, कोणतं घेऊ?' सुरू झालंच आहे. आधी मागच्या तीन महिन्यांचा खर्च कागदावर उतरवा आणि त्यातून भाडं, फी, लाईट बिल, विमा, पेट्रोल वजा करा. जे उरेल तो आकडा मला पाठवा, मग नाव सांगते. काहीच उरत नसेल तर कार्डाचं नाव विचारू नका, चहाला या.