उजवा खांदा

रविवारी सकाळी साताऱ्याहून पुतण्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. बावीस सेकंदांचा. कॉम्प्युटरने बनवलेले शिवाजी महाराज पापण्या मिटतात, मान वळवतात, छाती भरून श्वास घेतात. उंची सहज सहा फूट, दंड जिमवाल्या पोरासारखे, रंग दुधासारखा. खाली मजकूर : ‘इंग्रजांनी लपवलेला महाराजांचा खरा चेहरा. खरे मावळे असाल तर पुढे पाठवा.’ तासाभरात चौदा जणांनी हात जोडले. त्यात माझी सख्खी बहीण, जिने इतिहासात एम.ए. केलंय.

मी नुकताच रात्रपाळी करून आलो होतो. तशा वेळी माणसाने फोन हातात घेऊ नये, पण घेतला. म्हटलं, अरे, लपवला कुठे? ब्रिटिश म्युझियमच्या वेबसाइटवर जा, फुकट दिसतो. सोळाशे ऐंशीच्या दशकातलं दख्खनी चित्र आहे. बाजूने दिसणारा चेहरा, टोकदार दाढी, बाकदार नाक. दुसरं ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, डच लोकांनी नेलेल्या राजेरजवाड्यांच्या चित्रमालिकेत. तिसरं पॅरिसला, घोड्यावर बसलेलं. ते मीर मुहम्मदने निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशासाठी काढलं, आणि मनुची तर सांगतो की तो १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत महाराजांशी प्रत्यक्ष बोलला होता. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण वर थेवनो या फ्रेंच प्रवाशाचं एक वाक्यही चिकटवलं. तो त्याच सुमारास हिंदुस्थानात फिरला होता. ‘राजा ठेंगणा आणि सावळा आहे, डोळे चपळ आहेत आणि त्यांत बुद्धी दिसते.’

‘ठेंगणा’ या एका शब्दावर त्रेचाळीस माणसांचा ग्रुप पेटला. चुलत्यांनी ‘शब्द जपून वापरावेत’ एवढंच लिहिलं. आत्याने विषय बदलायला गुलाबाचं फूल पाठवलं. आणि पुतण्याने लिहिलं, “काका, तुम्ही तिकडे बसून आता आम्हाला महाराज शिकवणार का?”

तिकडे बसून. हे दोन शब्द मी एकोणीस वर्षं ऐकतोय. रस्त्यांवर बोललो तर तिकडे बसून, शाळांवर बोललो तर तिकडे बसून. पैसे पाठवताना मात्र कुणी म्हणत नाही की तिकडे बसून कशाला पाठवताय. असो.

मी ज्या गावात बसलोय त्या इंग्लंडमधल्या लेस्टरला राजाच्या खऱ्या चेहऱ्याबद्दल बोलायचा जरा जास्तच अधिकार आहे. २०१२च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका कार पार्कखाली तिसरा रिचर्ड सापडला. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत बत्तिसाव्या वर्षी पडलेला इंग्लंडचा राजा, पाचशे वर्षं बेपत्ता, आणि निघाला तो कौन्सिलच्या समाजसेवा खात्याच्या गाड्या लागतात त्या जागेखाली. मी त्या बाजूने कितीदा तरी गेलो होतो. पुढच्या फेब्रुवारीत युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की हाच तो. राजाच्या बहिणीच्या वंशातला एक सुतार लंडनमध्ये राहत होता, त्याच्या डीएनएशी हाडं जुळली. २०१५ साली राजाला कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरलं, त्याची शवपेटी त्याच सुताराने बनवली. वर्षभराने गावच्या लेस्टर सिटी क्लबने फुटबॉलची लीग जिंकली. त्याचं श्रेय राजाला देणारी चांगली शिकलेली माणसं आमच्या कँटीनमध्ये आजही भेटतील, तेव्हा भाबडेपणा म्हणजे काही साताऱ्याची मक्तेदारी नाही.

मी रेडिओग्राफर आहे. पाठीच्या कण्याचे एक्स-रे काढणं हे माझं रोजचं काम. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली येतात, आई बरोबर असते, आई म्हणते ‘तशी सरळच आहे हो ती’. टी-शर्टात सरळच दिसते. पडद्यावर कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला असतो. रिचर्डच्या हाडांत नेमकं हेच निघालं. लहानपणी नाही, दहाव्या वर्षानंतर कधीतरी कणा उजवीकडे वाकत गेला. कुबड नव्हतं, लंगडेपणा नव्हता, वाळलेला हातही नव्हता. ते सगळं शेक्सपिअरच्या नाटकाने त्याच्या अंगावर चढवलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा वर, इतकंच. अभ्यास करणाऱ्यांनी लिहिलंय की बरा शिंपी आणि मापाने घडवलेलं चिलखत असेल तर ते फारसं कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आता चित्रं. रिचर्डच्या हयातीतलं एकही व्यक्तिचित्र उरलेलं नाही. जी आहेत ती सगळी तो मेल्यावर बऱ्याच वर्षांनी काढलेली, म्हणजे ज्यांनी त्याला मारून गादी घेतली त्या ट्यूडरांच्या राज्यात. राजघराण्याच्या संग्रहात जे आहे, त्याचा कधीतरी एक्स-रे काढला. हो, आम्ही चित्रांचेही काढतो, म्हणजे आमच्या धंद्यातली माणसं काढतात. तर रंगाच्या खाली खांदे सरळ होते. नंतर कुणीतरी वरून रंग देऊन उजवा खांदा उचललाय आणि डोळे बारीक केलेत. कितीतरी वर्षं हे चित्र म्हणजे बदनामीचा पक्का पुरावा होता. पाहा, विजेत्यांनी राजाला कसा विद्रूप केला!

आणि मग हाडं निघाली. उजवाच खांदा वर होता.

हे मला अजून नीट पचलेलं नाही. ज्याने द्वेषाने चित्रात ढवळाढवळ केली, खांद्यापुरता का होईना, तो खरं बोलत होता. ज्याने मूळचं सरळ, सभ्य चित्र काढलं तो खोटं. टॉमस मोर या थोर गृहस्थाने लिहून ठेवलं की डावा खांदा वर होता, तेही चूक. बरोबर निघाला तो जॉन राऊस. हा माणूस राजा जिवंत असताना त्याची स्तुती करायचा, आणि मेल्याबरोबर त्याने त्याला राक्षस ठरवलं.

केसांचंही तेच. कवटीवरून चेहरा घडवला तेव्हा चित्रांत दिसतात म्हणून केस काळसर दिले. नंतर डीएनए म्हणाला, डोळे जवळजवळ नक्की निळे, आणि केस निदान लहानपणी तरी सोनेरी असावेत. मग केस बदलले. म्हणजे विज्ञानाने उभा केलेला ‘खरा चेहरा’सुद्धा आधी चित्रं बघून रंगवला होता. मी हा पुतळा बघायला गेलो तेव्हा एक बाई नवऱ्याला म्हणत होती, “छान आहे की दिसायला, मग उगाच का नावं ठेवायचे?”

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक लिहिलं. हेही लिहिलं की पहिल्या एलिझाबेथ राणीचं इंद्रधनुष्य हातात धरलेलं चित्र हॅटफील्डला आहे, ते काढलं तेव्हा बाई सत्तरीकडे झुकल्या होत्या आणि चेहरा पंचविशीचा आहे. आणि हे की आठव्या हेन्रीने होल्बाइनने काढलेलं चित्र बघून क्लीव्ह्जच्या ॲनशी लग्न ठरवलं, ती समोर आल्यावर नाक मुरडलं आणि सहा महिन्यांत लग्न मोडलं. राजांची चित्रं ओळखपत्रासाठी नसतात रे बाबांनो, असा शेवट केला. तुम्ही एका व्हिडिओला मुजरे करता. इथे लोक हाडं तपासतात.

आता लिहिताना कळतंय की हे शेवटचं वाक्य नको होतं.

कारण तपासायला आपल्याकडे हाडं नाहीत. १६८०च्या एप्रिलमध्ये महाराजांचं दहन रायगडावर झालं. समाधी आहे, तिच्याखाली उकरून कुणाचा डीएनए काढणार? लेस्टरला जे मिळालं ते पुरणाऱ्या लोकांचं नशीब आहे, त्यात इथल्यांच्या बुद्धीचा काही भाग नाही. आणि तपासणीची परंपरा आपल्याकडे नाही हेही खोटंच. एके काळी कुणा इब्राहिमखानाचं चित्र शिवाजी महाराज म्हणून घरोघरी लागलेलं होतं. ते चुकीचं आहे असं सांगून इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली पुण्यात जुनं, अस्सल चित्र लोकांपुढे ठेवलं. तेही इथल्यासारखं पथक आणि कॅमेरे हाताशी नसताना. हे मला माहीत होतं. मी ते ग्रुपवर लिहिलं नाही, कारण माझ्या मुद्द्याला ते सोयीचं नव्हतं.

अजून एक गोष्ट मी लिहिली नव्हती. सुरतेच्या इंग्रज वखारीतला पाद्री एस्कॅलियट याने १६६४ साली, सुरत लुटली गेल्यानंतर लगेच, विलायतेला एक पत्र पाठवलं. त्यात महाराजांचं वर्णन आहे : उंची बेताची, पण बांधा सरळ आणि रेखीव, बोलताना हसल्यासारखे वाटतात, नजर तीक्ष्ण, आणि त्यांच्या इतर माणसांपेक्षा वर्णाने गोरे. गोरे! थेवनो म्हणतो सावळे, पाद्री म्हणतो गोरे, आणि पाद्रीबुवांनीही स्वतः पाहिलेलं नाही, पाहणाऱ्यांकडून ऐकलेलं लिहिलंय. मी थेवनो तेवढा उचलला, कारण व्हिडिओतल्या दुधाच्या रंगावर मला काहीतरी फेकून मारायचं होतं. पुतण्याला ते पत्र कुठून तरी सापडलं. त्याने मला ते ग्रुपवर न टाकता एकट्याला पाठवलं. पोरगा माझ्यापेक्षा सभ्य आहे.

खाली त्याने विचारलं, “तुमच्या घरात महाराजांचं कोणतं चित्र आहे?”

हॉलमध्ये, बॉयलरच्या कपाटाशेजारी, जिरेटोपातलं आहे. कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी काढलेलं आणि सरकारने अधिकृत ठरवलेलं जे चित्र प्रत्येक कचेरीत असतं, तेच. मी इकडे निघालो तेव्हा आईने ते साड्यांच्या घडीत गुंडाळून दिलं होतं, काच फुटू नये म्हणून. ब्रिटिश म्युझियमच्या चित्राची प्रत मी नऊ वर्षांपूर्वी हौसेने छापून घेतली, ती अजून पुठ्ठ्याच्या नळीत कपाटामागे आहे. दोनदा बाहेर काढली. दोन्ही वेळा वाटलं, हे गृहस्थ रुबाबदार आहेत, पण मी यांना ओळखत नाही. त्या चेहऱ्यापुढे १९ फेब्रुवारीला हार घालायला हात उचलेना. बेलग्रेव्ह रोडवरून झेंडूचा हार आणला होता, तो जिरेटोपालाच गेला.

हे मी पुतण्याला कळवलं. त्याने हसणारा चेहरा पाठवला. मग थोड्या वेळाने एक फोटो.

तो फोटो अण्णांचा. माझे वडील, त्याचे आजोबा. ते गेले तेव्हा माझी व्हिसाची कागदपत्रं आत अडकलेली होती. मी पोहोचलो तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. भिंतीवर चंदनाच्या हारात फोटो लागलेला होता. पोवई नाक्याजवळच्या स्टुडिओवाल्याने मागे निळं आकाश दिलं होतं, अंगात कोट घातला होता, जो अण्णांनी जन्मात कधी घातला नाही, आणि गालावरचे देवीचे वण पार पुसून टाकले होते. मी दादावर ओरडलो होतो. हे अण्णा नाहीत म्हणालो. दादा एवढंच म्हणाला, “तू शेवटचं कधी बघितलंस त्यांना?” तीन वर्षं झाली होती.

पुतण्याने पाठवला तो ज्याच्यावरून स्टुडिओवाल्याने काम केलं तो मूळ फोटो होता. पासपोर्टसाठी काढलेला. अण्णा एकदा माझ्याकडे यायचे होते, पासपोर्ट झाला, येणं राहिलं. पासपोर्टच्या फोटोत काही पुसायची परवानगी नसते, त्यामुळे वण सगळे जागच्या जागी आहेत. मी सवयीने फोटो मोठा करून गळपट्टीची हाडं बघितली, तर उजवा खांदा वर. चांगला बोटभर वर. मी एकोणीस वर्षं लोकांचे खांदे मोजतोय, आणि अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाच्या घरात राहिलो त्याचा खांदा माझ्या कधी लक्षात आला नव्हता. भिंतीवरच्या फोटोत दोन्ही सारखे होते, आणि मी भांडलो तो वणांवरून.

मी पुतण्याला विचारलं, हे तुला माहीत होतं?

“होतं की,” तो म्हणाला. “पोस्टाची थैली. आजोबांनी मला दाखवला होता हात लावून.”