पडणार की नाही, एकच सांग!

मंडळी, येत्या रविवारी बर्फ पडणार म्हणतात, मग हळदीकुंकवाचं काय, हे विचारायला कालपासून अकरा फोन आले. प्रत्येकीचा सूर तोच: "तू ते हवामानाचं वाचत बसतेस ना? मग पडणार की नाही, एकच सांग." एकच सांगता येत नाही, म्हणून ही एवढी लांब पोस्ट.

आज बुधवार. ज्या वादळाच्या धास्तीनं न्यू जर्सीतल्या आपल्या एडिसनमधल्या दुकानांतून दूध-ब्रेड उचलायला सुरुवात झालीय, ते वादळ अजून पॅसिफिकवर आहे. तिथे समुद्रात फुगे सोडून हवा मोजणारं कोणी नाही. सगळी भिस्त उपग्रहांवर आणि विमानांकडून येणाऱ्या नोंदींवर. ते जमिनीवर आलं की दिवसातून दोनदा सोडल्या जाणाऱ्या फुग्यांच्या जाळ्यात सापडेल आणि मग चित्र जरा स्वच्छ होईल. त्यानंतर पूर्व किनाऱ्याजवळ त्याचं नवं केंद्र तयार होऊन ते वर, उत्तरेकडे सरकलं, तर तो आपला नेहमीचा नॉरईस्टर, ईशान्येचे वारे आणणारं किनाऱ्यालगतचं वादळ.

आणि वर सरकताना ते किनाऱ्यापासून किती लांबून जातं, यावर आपला सगळा जुगार. फार लांबून गेलं तर बर्फ समुद्रात. फार जवळून गेलं तर समुद्रावरची उबदार हवा आत घुसते आणि आपल्याला नुसता पाऊस. मधोमध गेलं तर रात्रभर फावडं. त्यात आपलं गाव नेमकं उंबऱ्यावर. जमिनीवर शून्य अंश असले तरी दीड किलोमीटर वर हवा एका अंशानं जास्त उबदार निघाली, की बर्फाचं स्लीट, म्हणजे गोठलेल्या थेंबांचे खडे, होतं आणि दहा इंचांचे तीन होतात.

कालपासून ग्रुपवर फिरणारा तो जांभळा नकाशा, 18 इंचवाला, कृपा करून पुढे ढकलू नका. तो हवामानाच्या एका संगणकी मॉडेलचा एका वेळचा निकाल आहे, आणि असे निकाल दिवसातून चार वेळा बदलतात. शिवाय असे बरेच नकाशे स्लीटही बर्फ म्हणूनच मोजतात. युरोपियन मॉडेल तर सुरुवातीच्या स्थितीत किंचित फेरफार करून एकाच वादळाचे 51 अंदाज काढतं. त्यांतला सर्वांत भीतीदायक निवडून पाठवणाऱ्या भावजींना मी काय म्हणू?

जानेवारी 2015 आठवतंय? न्यूयॉर्कला दोन फुटांच्या गोष्टी, इतिहासात पहिल्यांदाच बर्फासाठी सबवे बंद, आणि सेंट्रल पार्कात पडला 9.8 इंच. वादळ थोडं पूर्वेला सरकलं होतं, बस्स. लाँग आयलंडवर आयस्लिपला मात्र जवळजवळ 25 इंच पडला. म्हणजे अंदाज पूर्ण फसला असंही नाही, थोड्या अंतरानं फसला. आपला भाग बघणाऱ्या माउंट हॉलीच्या हवामान कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख गॅरी झटकोव्स्की यांनी रात्रीच ट्विटरवर जाहीर माफी मागितली. आपण मात्र दुसऱ्या दिवशी पुण्यातला जुना विनोद काढला: वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची. मीही हसले होते.

ते हसू 15 नोव्हेंबर 2018 ला जिरलं. थोडा बर्फ, मग पाऊस, असा अंदाज होता. सेंट्रल पार्कात 6.4 इंच पडला, झाडांवर अजून पानं होती, फांद्या धडाधड मोडल्या. 287 महामार्गावर मी साडेपाच तास एका ब्रेड ट्रकच्या मागे. डब्यातली उरलेली अर्धी पोळी मी त्या दिवशी चार वेळा वाटून खाल्ली. इकडे काही शाळांतली मुलं रात्री शाळेतच झोपली.

तेव्हापासून मी आकडा बघत नाही, पल्ला बघते. आता हवामान खातं तीन आकडे देतं: अपेक्षित, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, प्रत्येक टोकाच्या पलीकडे जाण्याची शक्यता दहात एक. "दोन ते अकरा" असं वाचलं की लोक चिडतात, हा काय अंदाज झाला म्हणून. मला तर तोच प्रामाणिक वाटतो. आज बुधवारी ते इंच सांगतच नाहीयेत, हेही मला आवडतं. ज्याला रविवारचा आकडा बुधवारीच पाठ आहे, त्याच्यापासून जपून राहा.

जाता जाता एक: शेजारच्या क्लार्क गावातल्या वहिनींना बर्फाच्या वादळाचं वॉर्निंग आणि आपल्याला नुसतंच वॉच, असं झालं तर घाबरू नका. त्यांचा युनियन परगणा अप्टनच्या हवामान कार्यालयाकडे, आपला मिडलसेक्स माउंट हॉलीकडे. वॉच म्हणजे साधारण निम्मी शक्यता, वॉर्निंग म्हणजे जवळजवळ नक्की. सीमेच्या दोन बाजूंना कधी कधी दोन मतं असतात.

आता आपलं. मला बर्फापेक्षा रात्री नऊनंतर हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर गोठणाऱ्या पाण्याची जास्त काळजी आहे. सत्तरीपुढच्या सात काकू येणार आहेत आणि त्या मागच्याच दारानं येतात. त्यामुळे चार इंच पडो की दहा, संध्याकाळी तापमान शून्याखाली जाणार असेल तर मी पुढे ढकलायच्या बाजूनं. रथसप्तमी अजून लांब आहे, सवड आहे.

शुक्रवारी रात्री आठला समितीचा निर्णय ग्रुपवर टाकते. तोवर फोन नको. गुळपोळ्यांची ऑर्डर तशीच ठेवलीय, त्या आठवडाभर टिकतात. पुलावाची थांबवलीय.