‘रद्दीवाला’ म्हणणाऱ्या सांगलीकर वाचकांना उत्तर

नमस्कार. शेती आणि अन्नधान्याच्या जुन्या टपाल तिकिटांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘पाकिटावरून तिकीट सोडवायला शिकवणारा संग्राहक नसतो, रद्दीवाला असतो.’ मत वेगळं असेल तर खुशाल मांडा. पण लेखात दिलेलं कारण बाजूला सारून थेट माणसाचीच लायकी काढायची, ही कुठली रीत? साताऱ्याच्या पावसाळी हवेत वर्षानुवर्षं ही तिकिटं बुरशीचा डाग न पडू देता सांभाळली आहेत. तेव्हा शब्द जरा जपून वापरायला हवा होता.

तिकीट पाकिटावरून का सोडवायचं, ते कारण पुन्हा सांगतो. सिंद्रीच्या खत कारखान्याचं पाच रुपयांचं तिकीट घ्या. १९५५ च्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेत ते आलं तेव्हा कागदात ताऱ्यांचा वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली पुसट खूण, होता, नंतरच्या छपाईत अशोकस्तंभाचा आला. चित्र तेच, किंमत तीच. मागे पाकिटाचा कागद चिकटलेला असताना यातलं कोणतं हाती लागलंय, हे तुम्ही कसं ओळखता? सुटं तिकीट काळ्या ट्रेमध्ये पालथं ठेवून तिरप्या उजेडात बघावं. नाहीच दिसलं, तर वापरलेलं तिकीट साध्या पाण्याने ओलं करावं. वॉटरमार्क दिसावा म्हणून काहीजण लावतात ते बेन्झिन हे द्रावण टाळा. छपाई फोटोग्रॅव्हर पद्धतीची आहे, रंग हलू शकतो.

आणि सोडवणं म्हणजे ओरबाडणं नव्हे. भोवती सेंटिमीटरभर कागद ठेवून कापायचं, पसरट भांड्यात गार पाण्यावर चित्र वर करून तरंगत ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत ते आपोआप सरकतं. सरकलं नाही तर थांबायचं, ओढायचं नाही. ओढलं की मागचा पापुद्रा निघतो आणि तिकीट कायमचं पातळ होतं. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या पाण्यात, नाहीतर त्यांचा रंग बाकीच्यांना लागतो. मागचा गोंद पूर्ण गेला पाहिजे, राहिला तर तिकीट टिपकागदालाच चिकटतं. सुकत आल्यावर कोऱ्या टिपकागदात घालून रात्रभर वजनाखाली. जुलै-ऑगस्टात हा उद्योग करूच नये, कागद सुकत नाही आणि तपकिरी ठिपके येतात.

एक मान्य करतो. माण-खटावातल्या एखाद्या खेड्याच्या टपाल कचेरीचा शिक्का तारखेसकट स्वच्छ उमटला असेल, तर पाकीट अखंड ठेवावं. फर्स्ट डे कव्हरलाही, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेल्या पाकिटालाही, हात लावू नये. पण त्यासाठी दुसऱ्याला रद्दीवाला ठरवायची गरज नव्हती.

बाकी तुमचे आक्षेप किरकोळ आहेत. १९६८ चं वीस पैशांचं ‘गहू क्रांती’ तिकीट स्वस्तात मिळतं, हे मलाही ठाऊक आहे. दिल्लीतल्या पुसाच्या कृषी संशोधन संस्थेची इमारत आणि गव्हाच्या ओंब्या एकत्र दाखवणारं ते तिकीट मी किमतीसाठी निवडलेलं नाही. १९७९ पासूनच्या शेतीविषयक मालिकेची यादी दिली नाही म्हणता, पण तो त्या लेखाचा विषयच नव्हता.

तुमच्या सिंद्रीच्या तिकिटात तारे आहेत की अशोकस्तंभ, ते बघून कळवा. पाकिटावरच असेल, तर कसं ओळखलंत तेही लिहा.